आक्काच्या व्रतातलं दूध

३० ऑगस्ट १९८२, सोमवार

आजपासून आक्काचं दूध बंद. सकाळी अंगणातूनच हुकूम — "माधवा, माणिकप्पाला सांग, उद्यापासून तुझ्या चहापुरतंच घाल म्हणावं."

चातुर्मासाचे चार महिने आणि चार पथ्यं. आमच्या वैष्णव घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पहिल्या महिन्यात भाजी नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात, म्हणजे कार्तिकव्रतात, द्विदल नाही; व्रताचे महिने एकादशी ते एकादशी मोजायचे. म्हणजे भरडलं की ज्याची दोन दळं होतात ते सगळं बंद — तूर, मूग, हरभरा, शेंगदाणासुद्धा. ज्यानं हे लावून दिलं तो अगदीच निर्दय नसावा. दूध सुटलं तर डाळ हाताशी, डाळ सुटली तर दूध. माणूस मरत नाही, नुसता चिडका होतो.

पण यंदा आश्विन अधिक. तिसरा महिना दोन महिन्यांचा! पंचांग करणाऱ्यांना कधी दुष्काळात एकभुक्त राहून बघायला लावलं पाहिजे. आक्काला म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या संपादकांना लिही. पंचांग बदलतील."

त्रेसष्ट वर्षांची बाई. एक वेळ जेवते. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी आणि माझ्याहून चौदापट हट्टी.

४ सप्टेंबर

लातूर जिल्हा होऊन तीन आठवडे झाले. पाट्या रंगवणाऱ्यांचा सुकाळ आहे, बाकी सगळ्याचा दुष्काळ. जुलैनंतर पाऊस नाही. मूग फुलातच करपले. आमच्या आळीत टँकर एक दिवसाआड.

बातमीत लिहिलं होतं — 'जिल्हा नवा, पाणी तालुक्याचंच.' नांदेडच्या कचेरीनं वाक्य कापलं. मी नांदेडच्या दैनिकाचा लातूरचा वार्ताहर, म्हणजे माझी चांगली वाक्यं लातुरात जन्मतात आणि नांदेडात मरतात.

१९ सप्टेंबर

आक्काची पावलं सुजली आहेत. बोट दाबलं की खळी पडते. तिनं लपवलं होतं, मी देव्हाऱ्यापुढे बसलेली असताना पाहिलं.

डॉक्टरांना घरी आणलं. म्हणाले, "प्रोटीन कमी पडतंय. दूध, डाळी, दोन्ही पाहिजेत. हृदयही थकलेलं आहे." आक्का शांतपणे म्हणाली, "दूध कार्तिकात."

"आणि डाळ?"

"डाळ आता आहे की. कार्तिकात नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

डाळ ती खाते म्हणते, पण ताटात वरण किती घेते ते मी आज पाहिलं. पळीभर. बाकी सगळं माझ्या वाटीत. हे काही आजचं नाही. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. हिनं मला नांदेडला सासरी नेलं. पाठशाळेत घातलं. सासूबाई म्हणायच्या, सुनेसोबत अर्धा मुलगा आंदण आला. तेव्हापासून तिच्या ताटातलं माझ्या ताटात येतं आहे.

६ ऑक्टोबर

नगरपालिकेच्या शाळेत सकस आहाराचं प्रात्यक्षिक. नव्या जिल्ह्याची नवी योजना. आहारसेविका पंचशीला नावाची मुलगी, शिरूर अनंतपाळकडची. वय पंचविसाच्या आत. आवाज तहसीलदाराचा.

सोयाबीन दाखवत होती. पिवळे गोल दाणे, वाटाण्याचे गरीब नातेवाईक दिसावेत तसे. दोन भाग ज्वारी, एक भाग सोयाबीन, आधी खरपूस भाजून मग दळायचं. शिवाय भिजवून, सालं काढून, वाटून, गाळून त्याचं दूध होतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "दूध गायीचं असतंय बाई. दाण्याला सड कुठं असत्यात?" सगळ्या हसल्या. पंचशीलाही हसली. मग म्हणाली, "मावशी, गायीचं दूध प्यायचं तर आधी गायीला पाणी पाजावं लागतं. किती पाजता? आणि कडबा कुठून आणता? हे पीक तीन महिन्यांत हाती येतं, थोड्या ओलीवर निघतं. आपल्या भागाला हे परवडंल. म्हशीला विकून माणूस जगवायची पाळी येण्याआधी शिका."

कोणी हसलं नाही.

मी विचारलं, चव कशी? म्हणाली, "वास उग्र. पण उकळलं की जातो. नीट उकळलं नाही तर पोट बिघडतं — हे छापा साहेब, बाकी काही छापू नका."

छापून आलं नाही.

१८ ऑक्टोबर

माणिकप्पा रिकामी चरवी घेऊन दारात उभा. त्याची देवणी गाय गेली. म्हणजे मेली नाही — गावाकडं बहिणीच्या दारात सोडून आला.

"मालक, देवणीला चालवत नेली. तिथं हिरीला घागरभर पाणी हाय अजून. हितं लई हाल व्हते तिचे. न्हाई बघवत."

मी म्हटलं, देवणी गाय देवणीला गेली म्हणजे माहेरीच गेली की! त्यानं हसायचा प्रयत्न केला. डोळे पुसले. मला नको तिथं विनोद सुचतो, हा जुना रोग.

आक्काला सांगितलं. म्हणाली, "बरं केलं त्यानं." आणि मग दुधाचं भांडं पालथं घालत, "कार्तिकाला अकरा दिवस राहिले रे."

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

द्विदलव्रत सुरू. दसरा झाला, एकादशी झाली, दूध प्यायला मोकळीक झाली — आणि दूधच नाही. सरकारी योजनेच्या बाटल्या उजाडायच्या आत संपतात. एक मिळवून आणली तर आक्का म्हणाली, "कुठल्या कुठल्या जनावराचं एकत्र केलेलं, कोणी उकळलं कोणास ठाऊक. सोवळ्याला चालत नाही." पावडरीचा डबा तिनं वासही न घेता परत केला.

म्हणजे डाळ वर्ज्य आणि दूध दुर्मिळ. आज जेवली काय? भात, भोपळ्याची फोड, मीठ.

सूज घोट्याच्या वर चढली आहे.

३१ ऑक्टोबर

जिना चढताना आक्का मधेच बसली. "दम खाते," म्हणाली. "तेवढं तरी खायला बंदी नाही ना?" म्हटलं. हसली. मग उठताच येईना तिला. मी उचलून आणली. पाठशाळेतल्या पोथ्यांच्या गठ्ठ्याएवढं वजन भरलं नाही.

१ नोव्हेंबर

केलं. करून टाकलं एकदाचं!

दुपारी पंचशीलाच्या कार्यालयातून दोन शेर सोयाबीन आणलं. आक्कापुढे ठेवलं. तिनं एक दाणा घेतला, नखानं सोलला, दोन दळं वेगळी करून माझ्या तळहातावर ठेवली. 

तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं — "आक्का, याला शास्त्राधार आहे. नांदेडच्या शास्त्रीबुवांच्या बाडात पाहिला होता."

"म्हण."

आणि मी म्हटला. पाण्याचा घोट घ्यायला जितका वेळ लागतो तेवढ्यात रचला —

चीनदेशोद्भवं बीजं वृत्तं पीतं पयःप्रदम् ।
न माषो न च मुद्गस्तद् व्रते दुग्धसमं स्मृतम् ॥

चीन देशात जन्मलेलं, गोल, पिवळं, दूध देणारं बीज. ते उडीद नव्हे आणि मूगही नव्हे. व्रतात ते दुधासमान मानलं आहे. छंद चोख. पंचवीस वर्षं नळ, टँकर आणि पुढाऱ्यांचे सत्कार लिहिल्यावर हाताला अजून अनुष्टुभ जमतो, याचा — लिहायला लाज वाटते — आनंद झाला.

आक्कानं डोळे मिटून दोनदा म्हणून घेतला. पाठ झाला. "दुग्धसमं," म्हणाली. "ऋषींनी किती पुढचं पाहिलं होतं रे."

मला खोकला आला.

३ नोव्हेंबर

पंचशीला स्वतः आली, दूध करून दाखवायला. ओसरीवरच थांबली. आक्का आत, मी उंबऱ्यात, असं शिक्षण. पंचशीला बाहेरून सांगणार, आक्का आत करणार.

"तुम्ही आत का येत नाही?" मी मूर्खासारखं विचारलं.

"साहेब, कोरडं बी माझ्या हातचं चालतं, ओलं चालत न्हाई. माहितीय मला. आज बी महत्त्वाचं, मी न्हाई." हे तिनं असं म्हटलं की मी खाली पाहिलं.

आतून आक्का म्हणाली, "पोरी, वाटण बारीक झालं का बघ बरं." आणि पाटा सरकवत सरकवत उंबऱ्याच्या अगदी काठाशी आणला. पंचशीलानं वाकून पाहिलं. "अजून दोन हात, आज्जी." एवढंच. पण पाटा तिथवर आलेला मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

दूध निघालं. वीस मिनिटं उकळलं. आक्कानं पेला तोंडाला लावला. तोंड वेडंवाकडं केलं.

"ऋषींना चव नव्हती," म्हणाली. प्याली मात्र सगळं.

९ नोव्हेंबर

रोज दोन वेळा दोन पेले. सूज घोट्याखाली आली. आज पाटावरून स्वतः उठली!

भानगड अशी की तिनं, म्हणजे मठातल्या बायकांच्या इंदूताईंनी, मठात श्लोक सांगितला. मठातल्या सात बायका, सगळ्या व्रतवाल्या, बहुतेक विधवा, सगळ्यांची दुधाची बोंब. शेजारच्या उमाबाईंनी तर वहीत उतरवून घेतला. आता सात घरांत सोयाबीन भिजतं. पंचशीला रस्त्यात भेटली. "साहेब, तुमच्या आळीनं माझं महिन्याचं काम आठवड्यात केलं! तुम्ही असं काय सांगितलंत?"

म्हटलं, थोडं संस्कृत.

१२ नोव्हेंबर

उमाबाई वाटेत थांबवून म्हणाल्या, "गुडघे हलके झाले हो, माधवराव. त्या ऋषीचं नाव काय?"

मी म्हटलं, बाडाचं पहिलं पान फाटलेलं होतं.

१५ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. आक्कानं चार पणत्या लावल्या. स्वतः चालत जाऊन.

१७ नोव्हेंबर, बुधवार

भाऊबीज. आज जे झालं ते नीट लिहायला हवं. 

आक्का खुशीत होती. पाट मांडला, मला बसवलं, ओवाळलं. "ओवाळणीत काय घालतोस? बातमी नको हो." मी लुगडं दिलं. ती म्हणाली, "हे दरवर्षीचं. यंदा काही नवं?"

इथे गप्प बसायला हवं होतं. व्रताचे दहा दिवस राहिले होते. फक्त दहा. पण ती बरी दिसत होती, गालावर थोडी तकाकी होती, आणि मला वाटलं, आता हसेल. लहानपणी मी तिच्या तुळशीमागे लपून देवाच्या आवाजात बोलायचो, तेव्हा हसायची तशी. म्हटलं, "नवं म्हणजे, तुझ्यासाठी एक अख्खा श्लोक रचला की यंदा. चीनदेशोद्भवं बीजं! बाडाबिडात काही नाही. तुझा भाऊच ऋषी."

तिनं तबक खाली ठेवलं. निरांजन विझू नये म्हणून हळूच.

"सातजणी पितात रे," म्हणाली.

एवढंच. मग ताट वाढलं, मला जेवू घातलं, लाडू आग्रहानं वाढला. स्वतः जेवली नाही. दुपारी पेला भरून नेला तर म्हणाली, "नको."

१८ नोव्हेंबर

आक्का सकाळीच मठात जाऊन आली. काठी टेकत. आल्यावर देव्हाऱ्यापुढे बसली. आज पाणी आणि तुळशीचं पान. बाकी काही नाही.

"किती दिवस?" विचारलं.

"माझं मी बघते."

१९ नोव्हेंबर

तेच. पेला तसाच.

२० नोव्हेंबर

आज मी सगळं संस्कृत बाहेर काढलं. रोग्याला व्रतातून सूट आहे. औषध घेतलं तर व्रत मोडत नाही. वृद्धांना, अशक्तांना निराळे नियम. खरी वचनं, खऱ्या ग्रंथांतली, पाठशाळेत पाठ केलेली. एकेक म्हणून दाखवलं, अर्थासकट.

आक्का म्हणाली, "आता शास्त्र तू सांगू नकोस, माधवा."

रागानं नाही. थकून.

हे सगळं मला १ तारखेलाही पाठ होतं. औषधाचं वचन सांगून तेच दूध तिला पाजता आलं असतं. डॉक्टर साक्षीला होते. ते खरं होतं, सोपं होतं. पण ते जुनं होतं. त्यात माझं काही नव्हतं. मला स्वतःचा श्लोक म्हणायचा होता.

२१ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. आक्का सुई टोचू देईना. माझ्यावर रागावले, "तुम्ही सुशिक्षित माणूस ना?"

हो. तोच घोटाळा आहे.

आक्काला म्हटलं, शिक्षा मला दे, मी उपाशी राहतो. तिनं माझ्या डोक्यावर हात फिरवला. "तुला उपास झेपत नाही. संकष्टीला चार वेळा साबुदाणा लागतो." आणि खरंच हसली. ओठ कोरडे पडलेले.

मला तिचा राग समजत नाही. रागावलेली दिसत नाही, आणि सोडतही नाही.

२२ नोव्हेंबर

नांदेडहून पत्र. 'लातूरच्या महिलांमधील सोयाबीन प्रसाराबाबत सविस्तर वृत्त त्वरित पाठवावे.' आता सुचलं त्यांना.

आक्का दिवसभर पडून. दुपारी एकदा म्हणाली, "वाटण बारीक पाहिजे." मी म्हटलं, करू का? तिनं मान हलवली. नाही.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

आक्का गेली. दिवेलागणीला.

२९ नोव्हेंबर

घरात माणसं येतात, बसतात, जातात. मी लिहिणारा माणूस, मला काही लिहिता येत नाही.

पंचशीला आली होती. ओसरीवर उभी. मी म्हटलं, आत या. आली. आक्काच्या जागेकडे बघत म्हणाली, "मी बी दिलं नसतं तर—"

तिला सगळं सांगितलं. श्लोक, भाऊबीज, सगळं. म्हटलं, तुमचं बी खरं होतं. खोटं फक्त माझं होतं. दाण्यानं तिला उठवलं, मी पाडलं.

ती म्हणाली, "माझ्या आईला पण असंच कुणी खोटं सांगून खाऊ घातलं असतं तर बरं झालं असतं." आणि निघाली. तिच्या आईचं काय झालं ते मी विचारलं नाही. वार्ताहर म्हणून पहिल्यांदाच.

मठातल्या बायकांनी सोडलं असणार. सहा आठवड्यांचं तिचं काम माझ्या एका विनोदानं गेलं. सूज पुन्हा चढेल त्या सातजणींच्या पायांवर. तिकडे फिरकायची हिंमत होत नाही.

३ डिसेंबर

रोज दोन पेल्यांचं भिजत घालतो. सवयीनं. कोणी पीत नाही.

५ डिसेंबर, रविवार

तेरावा झाला. पानं उठली. उमाबाई मागे थांबल्या. "माधवराव, आमच्याकडचं सोयाबीन संपलं. त्या पोरीला निरोप द्याल?"

मला कळेना. म्हटलं, उमाबाई, तो श्लोक खोटा होता. मीच रचलेला.

"माहीत आहे की. इंदूताईंनी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीच मठात सांगितलं. म्हणाल्या, श्लोक ऋषीचा नाही, माझ्या भावाचा आहे. पण तुमच्या पायांत आलेलं बळ खोटं नाही, तेव्हा पिणं सोडू नका. आम्ही म्हटलं, आणि दोष? म्हणाल्या, तो मी फेडते. तुम्हा सातजणींचा एकेक दिवस आणि एक माधवाचा. आठ उपास."

"आणि तिचा स्वतःचा?"

"विचारलं ना आम्ही. म्हणाल्या, माझा कशाला? मी भावाच्या हातचं प्याले. तुम्हाला मात्र सांगू नका म्हणाल्या. नवव्या दिवशी पेलाभर दूध पिऊन मीच सांगेन, आणि चांगला कान पिळेन त्याचा."

अठरा ते तेवीस. सहा झाले. सातजणींतल्या एकीचा राहिला, आणि एक माझा.

उद्या, परवा. साबुदाण्याशिवाय.